शंभर जागांत दोनशे माणसं बसवणारा गजाभाऊ

अन्याय गजाननवर झाला. मंगळवारी, दुसऱ्या शिफ्टला, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी. चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्यात, असेंब्ली लाइनवर उभ्या असलेल्या या कंत्राटी कामगाराने छातीवर हात ठेवून सांगितलं, मला दुखतंय, मला सोडवा. सोडवायला माणूस नव्हता. ‘चहापर्यंत काढ,’ असं उत्तर मिळालं. चहा साडेपाचला. गजाननने साडेपाचपर्यंत काढलं, मग कॅन्टीनच्या बाकावर जाऊन बसला आणि बसल्या जागी कलंडला. रुग्णवाहिका चाकणच्या चौकात ट्रकांच्या मागे अडकली होती, तेव्हाच तो गेला. वय चौतीस. कारखान्याच्या कागदावर आता त्याच्याबद्दल एकच वाक्य आहे : ‘सदर कामगाराने त्रास होत असल्याचे कळवले नव्हते.’ सहा आठवडे झाले. माणूस गेल्याचं दुःख हळूहळू बोथट होतं म्हणतात. होत असेल. हे वाक्य मात्र होत नाही.

मला फोन आला तो बालाजीचा. लाइनवर गजाननच्या शेजारच्या स्टेशनला उभा राहणारा, लातूरकडचा पोरगा. संध्याकाळचे सात वाजले असतील. संत तुकाराम नगरातल्या आमच्या कामगार संघटनेच्या खोलीत मी पत्रकाचं प्रूफ तपासत बसले होते. “ताई, गजाभाऊ गेला,” एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, “कुठं गेला?” ... इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारलेला नाही.

गजाभाऊशी माझी ओळखही पत्रकावरूनच झाली. चार वर्षांपूर्वी त्याच कारखान्याच्या गेटवर, पहिली शिफ्ट सुटताना, मी पत्रकं वाटत होते. सगळे घडी घालून खिशात टाकत होते, हा एकटा उभा राहून वाचत होता. वाचून माझ्याकडे आला आणि म्हणाला, “ताई, बारा मागण्या लिवल्यात. आमचा चहा धा मिन्टांचा. येक मागणी सांगा, बाकीच्या घरी वाचतो.” मला राग आला. त्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर खेळ चालू होता. मी म्हटलं, “पत्रक वाचायला वेळ नाही आणि गेम खेळायला आहे?” त्याने पडदा माझ्यासमोर धरला. “खेळत न्हाई ताई. रांगंत उभाय.” पडद्यावर पाटी होती : ‘मैदान भरले आहे. रांगेत थांबा.’

तो खेळ काय होता हे सांगितल्याशिवाय गजाभाऊ सांगता येणार नाही, म्हणून सांगते. नाकं मुरडणाऱ्यांनी थोडा वेळ दम धरावा. किल्ल्यांच्या लढाईचा खेळ. मोबाइलवर चालणारा, हजारो माणसं एकाच वेळी खेळणारा. माणसं टोळ्या करतात, खेळाडूंच्या भाषेत क्लॅन. ज्या टोळीच्या हातात किल्ला, तिने लढाईचा वार ठरवायचा. दुसरी टोळी चढाई करणार, दोन तास झुंज. पण मैदानात एका बाजूला शंभरच माणसं. एकशे एकावा आला की ती पाटी. कोणी बाहेर पडलं, कोणाचं नेट गेलं, तर रांगेतला पहिला आत. आमच्या टोळीत दोनशे तीसच्या वर माणसं होती. दापोडीपासून चाकणपर्यंतची. फिटर, वेल्डर, डिलिव्हरीवाले, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांतले कॉम्प्युटरवाले, दोन नर्सा आणि पुढे गजाभाऊच्या नादाने मी. किल्ला आमच्याकडे होता आणि लढाई गुरुवारी दुपारी चारला असायची. लांबलांबचे खेळाडू चिडून विचारायचे, हा काय लढाईचा वार झाला? त्यांना काय माहीत, आपल्या पट्ट्यात कित्येक कारखान्यांना सुट्टी गुरुवारची असते. हा वार गजाभाऊने ठरवला होता.

बाकीच्या टोळ्यांत सरळ हिशेब असायचा. शंभर तगडे आत, उरलेल्यांनी रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या. गजाभाऊला ते पटत नव्हतं. कारखान्यात तो रिलीव्हर होता. ज्यांना लाइन माहीत नाही त्यांच्यासाठी : लाइन थांबत नाही. माणसाला लघवीला जायचं असतं, पाणी प्यायचं असतं, बायकोचा फोन घ्यायचा असतो. तेव्हा त्याच्या जागी पाच-दहा मिनिटं उभा राहणारा तो रिलीव्हर. त्याला स्वतःची जागा नसते, पण सगळ्यांची कामं यावी लागतात. गजाभाऊला लाइनवरची सगळी स्टेशनं येत होती. त्याने तीच रीत खेळात आणली. एकाने वीस मिनिटं लढायचं, बाहेर पडायचं, रांगेतला आत घ्यायचा. दोन तासांत दोनशे माणसं मैदान बघून येतील. “शंभर जागा म्हंजी शंभर माणसं, हे कुणी सांगितलं?” तो म्हणायचा. “जागा येगळी, माणूस येगळा.”

पहिल्या गुरुवारी या रीतीची जी फजिती झाली ती जगात दुसऱ्या कुठल्या टोळीची झाली नसेल. गजाभाऊने सांगून ठेवलं होतं, चार वीसला पहिली बदली. झालं. चार वीस वाजले आणि अर्धी फौज एकदम मैदान सोडून चालती झाली! अर्ध्या लोकांचं आयुष्य भोंग्यावर गेलेलं. वेळ झाली की हातातलं खाली ठेवायचं आणि गेटकडे वळायचं, हे अंगात भिनलेलं. तलवारी उगारलेली माणसं पडद्यावरून पटापट नाहीशी झाली. शत्रूसुद्धा काही क्षण थबकला. त्याला वाटलं असणार, काहीतरी डाव आहे. मग त्याला कळलं, डाव-बिव काही नाही, दरवाजा मोकळा आहे. आम्ही किल्ला गमावला. खेळता खेळता एकमेकांशी बोलायच्या व्हॉइसवर शिव्यांचा पाऊस आणि त्यात एका वेल्डरचा शांत आवाज, “पण पंचिंग करून गेलो ना भाऊ.” गजाभाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला.

हरल्यावर त्याने ती रीत सोडली नाही, दुरुस्त केली. लाइनवर चहाच्या आधी रिलीव्हर जसा एका टोकाकडून सुरुवात करून एकेका स्टेशनला जातो, तसं. पूर्वेच्या बुरुजापासून एकेक माणूस. तो व्हॉइसवर नाव पुकारायचा, “पांडुरंग, सोड. नर्सबाई, घ्या.” मध्ये आठ सेकंद जागा रिकामी राहायची. आठ सेकंदांत किल्ला पडत नाही, हे त्याचं लाडकं वाक्य. दोन महिन्यांत किल्ला परत घेतला आणि पुढे तीन वर्षं राखला. तगड्यांच्या टोळ्या येऊन आपटल्या. कारण सोपं होतं. त्यांचे शंभर दुसऱ्या तासाला दमायचे, आमचे दमायचेच नाहीत. मला पहिल्यांदा मैदान मिळालं ते त्याच्याच जागेवर. मी रांगेत एकशे बाराव्या नंबरला होते. “ताई, तुमची पत्रकं इथं चालत न्हाईत, ढाल धरा,” म्हणाला आणि बाहेर पडला. मी चौथ्या मिनिटाला मेले. तो म्हणाला, “लई झालं. माझी बायको दुसऱ्या मिन्टाला गेली होती.”

मग वरून फर्मान आलं. खेळ चालवणाऱ्या कंपनीने एका बाजूची मर्यादा शंभरावरून सत्तरावर आणली. कारण दिलं : एवढी गर्दी यंत्रांना झेपत नाही, स्वस्तातले फोन अडकतात, सर्वांना उत्तम अनुभव मिळावा म्हणून. गर्दी झाली की फोन अडकायचे हे खरं होतं, माझाही अडकायचा. पण यंत्र वाढवायचं की माणसं कमी करायची, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही कंपनीत एकच असतं. आम्ही अर्ज लिहायला बसलो. मी सवयीने नऊ मुद्दे काढले. त्याने आठ खोडायला लावले. राहिला तो असा : मैदान लहान करा, वेळ वाढवा, पण बाहेर बसलेल्याला आत यायची वाट ठेवा. दोनशेच्या वर सह्या झाल्या. उत्तर आलं, ‘आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे.’ गजाभाऊ म्हणाला, “हे तर आमच्या एचआरनंच लिवलंय.”

खरा घाव त्यानंतर बसला, आणि तो घरातूनच बसला. सत्तर जागांचं काय करायचं हे ठरवायला आम्ही वीसेक जण संत तुकाराम नगरच्या बागेत जमलो. ओंकार म्हणून एक जण आहे, पिंपळे सौदागरला राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. टोळीतला सगळ्यात कसबी खेळाडू, आणि माणूस वाईट नाही, हे मुद्दाम लिहिते. त्याने मांडलं : पक्के सत्तर. गुणांप्रमाणे यादी करायची, तेच सत्तर दोन तास लढतील, बदली बंद. प्रत्येक बदलीला आठ सेकंद जागा रिकामी, शंभरात ते चालून गेलं, सत्तरात नाही चालणार.

गजाभाऊ म्हणाला, “आन् बाकीच्यांनी काय करायचं?”

“राव, हा खेळ आहे. अन्नछत्र नाही.”

“अन्नछत्र न्हाई भाऊ, पण पंगत तर हाय. पयली पंगत उठली की दुसरी बसती.”

“आणि तोवर शत्रू काय ताटं पुसतो का?”

सगळे हसले. गजाभाऊ पण हसला. त्याची हीच खोड होती, समोरच्याचा टोला बरोबर बसला की तो दाद द्यायचा, मग स्वतःचं नुकसान झालं तरी. हात वर करून मतं घेतली. पक्के सत्तर मंजूर झाले. यादी ओंकारने आधीच करून आणली होती. मी चौसष्टावी होते आणि मी हात वर केला होता. हे मी कुठे बोलले नाही आजवर. गेटवर उभं राहून ‘कामगार कपात रद्द करा’ म्हणणारी मी, बागेत बसून कपातीला हात वर करून आले. कारण कपातीत माझं नाव नव्हतं. जगातली प्रत्येक कपात अशीच मंजूर होते.

गजाभाऊचं नाव यादीत नव्हतं. गुण लढण्याचे मिळतात, मैदानात जितका वेळ तितके गुण. त्याने तीन वर्षं आपला वेळ दुसऱ्यांना वाटला होता. टोळी उभी करणारा माणूस गुणांच्या यादीत एकशे नव्वदच्या खाली कुठेतरी होता. ओंकार म्हणाला, “गजाभाऊला घेऊ ना, मानाचा म्हणून.” गजाभाऊ म्हणाला, “मानाचं गणपती असत्यात. मला रांगंत राहू द्या.”

आणि त्याच महिन्यात कारखान्यात तेच झालं. मी हे जुळवून लिहीत नाही, जुळवून लिहावं इतकं मला सुचतही नाही. त्याच्या लाइनवर दोन रिलीव्हर होते. वरून कोणीतरी घड्याळ घेऊन आलं, माणसं मोजली आणि ठरलं की दोन जास्त आहेत. एकाला दुसऱ्या शॉपला, म्हणजे कारखान्यातल्याच दुसऱ्या विभागाला पाठवलं, गजाभाऊला एका स्टेशनवर कायमचा उभा केला. लाइनवर आता प्रत्येक जागेला बरोब्बर एक माणूस, आणि एकही जास्तीचा नाही. कागदावर किती देखणं दिसतं ते! मी म्हटलं, विरोध करू, पत्रक काढू. तो म्हणाला, “काढा. पर येकच मागणी लिवा.” मग म्हणाला, “आता म्या बी पक्क्या सत्तरात, ताई.” ते पत्रक मी काढलं नाही. दुसरी कामं होती... प्रत्येक वेळी दुसरी कामं असतात.

त्याला शेवटचं पाहिलं ते तो गेला त्याच्या आधीच्या गुरुवारी. दापोडीला, रेल्वेमार्गालगतच्या त्याच्या खोलीत. वर्गणीची पावती द्यायला गेले होते आणि लढाई चालू होणार होती, म्हणून मी तिथेच बसून खेळले. त्याच्या बायकोने, सुनीतावहिनींनी, पोहे केले. मी माझ्या चौसष्टाव्या जागेवर लढत होते आणि शेजारी तो रांगेत. पहिला नंबर लावून बसला होता. कोणाचं नेट गेलं तर जागा रिकामी राहू नये म्हणून. दोन तास. कोणाचं नेट गेलं नाही. मला एकदा वाटलं, आपण बाहेर पडावं, त्याला आत जाऊ द्यावं. नियम मोडला असता, ओंकार ओरडला असता. मी नाही पडले बाहेर. सहा वाजता लढाई संपली, आम्ही जिंकलो. त्याने फोन उलटा ठेवला आणि वहिनींना म्हणाला, “उद्या लवकर डबा दे, ओव्हरटाइमला बोलावलंय.” त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला मी. नव्हता. थकवा होता, आणि डावा खांदा तो सारखा चोळत होता. विचारलं तर म्हणाला, “बोल्ट आवळायची गन धरून धरून. आधी फिरता होतो, आता येकाच जागी हात राहतोय.”

पुढच्या मंगळवारचं सुरुवातीला सांगितलंच. चार वीस मला कसं कळलं? बालाजीने, नंतर भेटला तेव्हा सांगितलं. लाइनवर डोक्यावर बोर्ड असतो, किती गाड्या झाल्या आणि किती वाजले दाखवणारा. बालाजी म्हणाला, “गजाभाऊ दोनदा म्हणला, ताई. पयल्यांदा चार ईसला, मला सोडवा म्हणला. लाइनचा लीडर म्हणला, कुणाला आणू, तूच तर रिलीव्हर होतास. हसला बी. मंग थोड्या टायमानं परत म्हणला. म्या इतका जवळ होतो,” आणि त्याने हात पुढे केला, माझ्या खांद्याला लागेल इतका. “म्या का न्हाई घेतली त्याची गन? दोन्ही जागा केल्या असत्या की, थोडा येळ.” त्याला काय सांगणार? तुझ्या स्टेशनची गाडी पुढे गेली असती तर उद्या तूही गेटबाहेर असतास, हे त्यालाही माहीत होतं. लाइन थांबवायची दोरी डोक्यावर लोंबत होती. ती ओढणाऱ्याचं नाव बोर्डावर लागतं, म्हणून ती कोणी ओढत नाही.

टोळीला कळल्यावर पुढच्या गुरुवारी लढाईआधी दोन मिनिटं शांतता पाळली. मग ओंकारने प्रस्ताव मांडला, किल्ल्याच्या मुख्य दरवाजाला गजाभाऊचं नाव द्यायचं. एकमताने झालं. आज तो खेळ उघडलात तर दिसेल : गजानन दरवाजा. ज्याला आत घेतलं नाही त्याचं नाव दारावर. आपल्याकडे श्रद्धांजलीचा हा फार सोयीचा प्रकार आहे. मी त्याच दिवशी यादीतून नाव काढून घेतलं. त्याने काही होत नाही, माहीत आहे. माझ्या जागी पासष्टावा चौसष्टावा झाला आणि बाहेरचे बाहेरच राहिले.

सुनीतावहिनींना मी विचारलं, आपण काय मागू या? संघटनेत आम्हाला मागण्या काढायची घाई असते. त्या म्हणाल्या, “ते दुसऱ्याला सोडवायला पळायचे, ताई. मला सोडवा, असं त्यांच्या तोंडातून मी कधी ऐकलं न्हाई. घरात सुदा न्हाई. तसं म्हणले, म्हंजी किती दुखलं आसंल... आन् हे लिवतेत, सांगितलंच न्हाई. तेवढं वाक्य काढायला लावा. मला दुसरं काय नको.”

एक मागणी. गजाभाऊला आवडली असती.

ते वाक्य निघावं म्हणून आम्ही अर्ज केला आहे. चौकशी होणार आहे. चौकशीत लीडर म्हणणार, मला काही ऐकू आलं नाही. बालाजी म्हणणार, मी ऐकलं. एक कंत्राटी पोरगा एका बाजूला आणि अख्खा कारखाना दुसऱ्या बाजूला. बालाजी सही करायला तयार आहे. घरी म्हातारी आई आहे, कंत्राट दर काही महिन्यांनी नवं होतं, तरी तयार आहे. पण एकट्याची सही म्हणजे काय असतं, हे मी सांगायला नको. त्या लाइनवर त्या वेळी तो एकटा नव्हता. मागे-पुढे, समोरच्या बाजूला, माणसं होती. लाइनवर आवाज असतो हे मान्य, पण शेजारच्या स्टेशनवरचा माणूस दोनदा ‘सोडवा’ म्हणतो ते ऐकू येत नाही इतका नसतो. ऐकलेल्यांनी ऐकलं आहे.

वर्तमानपत्राची ही पुरवणी चिंचवडपासून चाकणपर्यंत घरोघरी जाते, म्हणून आता तुम्हाला सांगते, वाचणाऱ्याला. ‘फार वाईट झालं’ म्हणून पान उलटू नका. तुमच्या घरातलं कोणी चाकणला दुसऱ्या शिफ्टला जातं का? नवरा, मुलगा, भाऊ, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू? त्याला आज जेवायला बसलात की विचारा : त्या मंगळवारी तू कुठल्या लाइनवर होतास, आणि गजानन काय म्हणाला ते तू ऐकलंस का? तो मान खाली घालून जेवत राहिला, तर पुन्हा विचारा. ‘हो’ म्हणाला, तर त्याला संत तुकाराम नगरातल्या आमच्या खोलीवर, बालाजीच्या शेजारी सही करायला घेऊन या. एकट्याला पाठवू नका. तुम्ही बरोबर या.